पोळ्यापर्यंत शिंगे राहू दे

यावल, ४ फेब्रुवारी १९८७

चि. यादवास नानाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. जर्सीची वासरी पंधरा दिवसांची झाली, तिच्या शिंगकळ्या तापल्या लोखंडाने जाळाव्यात असे गुरांचे डॉक्टर म्हणतात. थोरल्या भावाला विचारल्याशिवाय तू गोठ्यातला खुंटाही हलवत नाहीस, म्हणून विचारलेस. माझे उत्तर नाही. अरे, भुंडी गाय म्हणजे काना-मात्रा पुसलेली ओळ. छत्तीस वर्षे पोरांकडून गाईच्या कविता पाठ करून घेतल्या, एकीतही भुंडी गाय नव्हती. आपली कपिली आठव. सांजेला घरी येताना तिच्या शिंगांत ऊन अडकायचे.

यशोदाबाईचा टोमणा कळला, की नानाले कविता सुचस, गोठा मालेच झाडना पडस. खरे आहे म्हणावे. तरी डॉक्टरांना परत पाठव.

माया पातळ होऊ देऊ नये.
लीलाधर

कापडणे, १२ जून १९८८

ती. नानांस यादवचा शि. सा. नमस्कार.

सर्व ठीक म्हणवत नाही. वासरी आता दीड वर्षाची होत आली. शिंगं तुमच्या मनासारखी, वीतभर, पुढे वळलेली. दिवसभर लिंबाच्या खोडावर घासते, टोकं चकाकतात. बुधवारी थोरल्या गाईच्या कासेला लागलं, चार दिवस दुधात रक्त आलं. यशोदेचा हात ओरबाडलाय; ती सांगत नव्हती, मी पाहिला. ही मारायच्या आधी फुरफुरत नाही, नुसती गप्प उभी राहते. त्याचंच भय वाटतं.

डॉक्टर म्हणतात, आता बधिर करून करवतीनं कापावी लागतील, आणि पाऊस लागायच्या आत. नंतर जखमेवर माश्या बसतात, किडे पडतात. होकार लवकर कळवावा.

आपल्या शब्दाची वाट पाहणारा,
यादव

यावल, १९ जून १९८८

चि. यादवास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचले. कापणेच शहाणपणाचे, हे मलाही दिसते. पण करवत म्हटले की मन अडते. एवढा पोळा जाऊ दे. मी येईन, तिची शिंगे स्वतः हिंगुळाने रंगवीन, बेगड लावीन. मग हिवाळ्यात काय ते करा. सकाळी एक ओळ सुचली, 'शिंगांवरती घेऊन आली गाय मावळता दिवस'. पुढची सुचत नाही.

तोवर तिला आखूड बांध. यशोदाबाईला जपायला सांग.

आठवण ठेवावी.
लीलाधर

कापडणे, १५ सप्टेंबर १९८८

ती. नानांस यशोदेचा वाकून नमस्कार.

ह्यांना सध्या लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिते. गुडघ्यामुळे तुमचं येणं होत नाही, हा निरोप पोळ्याच्या सकाळी मिळाला. मी म्हटलं, राहू द्या. हे म्हणाले, नानांनी सांगितलंय तर रंगवायची. उजवं शिंग रंगवून झालं. डाव्याला हात लावला तेव्हा ती गप्प उभी राहिली. मी हाक मारेपर्यंत झालं होतं. तोंडावर रंग कुठला न् रक्त कुठलं, धुवेपर्यंत कळेना.

डावा डोळा गेला. धुळ्याला दवाखान्यात आहेत. उजव्याची पट्टी शुक्रवारी काढतील, दिसतं की नाही ते तेव्हा कळेल.

तुमच्यावर रागावलेत, असं नाही. काल थोरली गाय व्याली, वासरीच झाली. दहाव्या दिवशी डॉक्टर लोखंड घेऊन येणार आहेत. हे म्हणाले, नानांना कळव. विचार म्हणाले नाहीत.

प्रकृतीला जपावं.
यशोदा