दोन हात लेप

प्रिय ताई,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, आता खोडत बसत नाही. तुझे अकरा फोन येऊन गेले. मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू रडशील आणि मी विरघळेन, लहानपणापासून आपलं हेच चालत आलंय. आईचाही निरोप मिळाला, ताईला काही बोलू नकोस, तिचा चेहरा बघवत नाही म्हणून. आईला सांग, आमच्या बंबावरच्या मास्तरांच्या बायकोचा चेहरा मी रोज बघतोय.

परवा तू हॉस्पिटलात आलीस. आमच्या जवान लांब्याच्या खाटेपाशी उभी राहून त्याच्या आईला म्हणालीस, "काकू, आमची इमारत लोखंडाची होती. लोखंड कुठे जळतं? असं व्हायलाच नको होतं." त्या माउलीने मान हलवली. मुलाचे दोन्ही हात बँडेजमध्ये, कंबरेचं हाड मोडलेलं, ती इंजिनिअरबाईंशी काय वाद घालणार? मी दाराशी उभा होतो आणि गप्प राहिलो. त्याची आता लाज वाटते.

लोखंड जळत नाही, ताई. ते मऊ पडतं. हे तुला मी सांगावं लागतंय यातच सगळं आलं. जाड लाकडी वासा पेटला तरी वरवरून कोळसा होत जातो, करकरतो, आत शिरलेल्या आम्हा बंबवाल्यांना ऐकू येतं आणि आम्ही बाहेर पळतो. तुझ्या त्या फर्निचरच्या शोरूमवर छत पेलणाऱ्या कैच्या होत्या त्या बोटभर सळ्या आणि पातळ पट्ट्या जोडून केलेल्या. वीस मीटर रुंद दालन आणि मध्ये एक खांब नाही, याचं तुला केवढं कौतुक. पण लोखंड जितकं बारीक, तितकं ते लवकर तापतं. पाच-दहा मिनिटांत ताकद निम्म्यावर येते. त्यात खाली फॉल्स सीलिंग. डोक्यावर आग धावत असते आणि खालच्या माणसाला दिसतात पांढरेशुभ्र चौकोन. म्हणूनच त्या कैच्यांना तो लेप द्यायचा असतो, तापला की फुगून फेसासारखा जाड होणारा. तो लोखंडाला अर्धा तास सांभाळतो. आम्हाला त्याहून जास्त काही नको असतं.

दोन वर्षांपूर्वी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी तिथे आलो होतो. भाऊ म्हणून नाही, अग्निशमन केंद्राचा प्रमुख म्हणून, पाहणीला. वर मान करून विचारलं, लेप दिलाय ना? तू हसलीस. म्हणालीस, "दोन हात दिलाय रे बाबा. तू स्वतः आत शिरलास तरी अर्धा तास तुझ्या डोक्यावर काही पडणार नाही." मग तू मला नव्या सोफ्यावर बसवलंस, चहा मागवलास, आणि मी केंद्राच्या नोंदवहीत लिहिलं: छताला लेप, तीस मिनिटं. खाली माझी सही.

आग लागली तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. आम्ही सात मिनिटांत पोचलो. मागच्या बाजूने धूर येत होता, पुढचं दालन जवळजवळ स्वच्छ. दुकानातला एक माणूस सांगत होता की मागच्या ऑफिसात एक बाई राहिली आहे. मास्तरांनी विचारलं, "साहेब, छत कसलं आहे?" त्यांना मास्तर का म्हणायचो ते तुला माहीत आहे, नोंदवहीतल्या सगळ्यांच्या चुका लाल पेनाने सुधारायचे. मीही त्यातून सुटलो नव्हतो. चौदा वर्षं ते प्रत्येक इमारतीपुढे हाच प्रश्न विचारत आले. हलकं छत, खाली सीलिंग, असं कळलं की ते आत जायचे नाहीत, मलाही जाऊ द्यायचे नाहीत. दारातून पाणी मारायचे. त्या दिवशी मी म्हणालो, "जा मास्तर, माझ्या बहिणीची इमारत आहे. अर्धा तास आहे आपल्याकडे."

ते आणि लांब्या आत गेले. मी घड्याळ लावलं. नवव्या मिनिटाला वॉकी-टॉकीवर मास्तर म्हणाले, ऑफिस रिकामं आहे, परत येतोय. बाई केव्हाच मागच्या दाराने निघून पलीकडच्या फुटपाथवर बसली होती, आम्हाला कोणी सांगितलं नाही. अकराव्या मिनिटाला छत खाली आलं. एखादा कोपरा नव्हे, सगळं, एकदम, जसं कोणी टेबलावरचं कापड ओढावं. एक कैची गेली की तिचा भार शेजारणीवर जातो आणि तीही जाते. लांब्या दारापासून तीन पावलांवर होता, त्याला आम्ही ओढून काढलं. मास्तर त्याच्या मागे होते. त्यांना काढायला चार तास लागले.

दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात मी कैचीचं एक टोक पाहिलं, भिंतीजवळचं, आग न पोचलेलं. त्यावर नुसता तांबडा रंग होता, कारखान्यातून येतो तो. नखाने खरवडलं. खाली लोखंड. लेपाचा ठिपका नाही.

सीलिंगवाल्याने चौकशी समितीपुढे सांगितलंय. लेपवाले आलेच नव्हते. त्याने तुला फोन केला, वर अजून काम बाकी आहे, काय करू? तू म्हणालीस, "उद्घाटन जवळ आलंय, तुम्ही बंद करा, मी बघते." तू बघितलं नाहीस. शिडीवर चढली नाहीस, सीलिंगचा एक तक्ता सरकवला नाहीस, आणि लेप दिल्याच्या दाखल्यावर सही केलीस. विसरलीस म्हणू? जो विसरतो, तो आठवलं की दचकतो. तू तर मला हसून सांगितलंस.

वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, मी काल माझ्या तोंडाने सांगितलं की त्यांना आत मी पाठवलं आणि का पाठवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही वर बघितलं नव्हतं?" नव्हतं. मीही तक्ता सरकवला नव्हता. बहिणीचा शब्द म्हणून नोंद केली. समितीला मी नोंदवहीतलं ते पान दिलंय, तुझं वाक्य जसंच्या तसं दिलंय आणि माझी नोकरीही त्यांच्या हवाली केली आहे. बुधवारी तुला बोलावतील. मला वाचवायला खोटं बोलू नकोस, तुझ्याकडून तेवढंही नको.

पण हे पत्र त्यासाठी नाही. त्या सोफ्यावर बसून तू सांगत होतीस की याच कैच्या, हीच माणसं, त्याच महिन्यात आणखी दोन कामं उरकली. एक शाळेचं खेळाचं सभागृह. तिथे मी आज सकाळी गेलो. शिडी लावून तक्ता काढला, बॅटरी मारली. तांबडा रंग. दोनशे मुलं खाली कवायत करत होती. सभागृह तिथल्या तिथे बंद करायला लावलंय. दुसरी इमारत कुठे आहे ते मला माहीत नाही. तू फक्त म्हणाली होतीस की दवाखाना आहे, खाटा आहेत. त्याचे कागद कचेरीत सापडत नाहीत. ठिकाण तुलाच ठाऊक आहे, आणि आग लागून आठ दिवस झाले तरी तू ते कोणाला सांगितलेलं नाहीस. अकरा फोन केलेस, एक मेसेज करून पत्ता कळवला असतास तर मी पहिल्या मिनिटाला उत्तर दिलं असतं. बंबाचा ड्रायव्हर हे पत्र घेऊन आलाय. तो तुझ्या दारात उभा राहील, त्याला आत बोलावू नकोस, चहा विचारू नकोस. याच कागदाच्या मागे पत्ता लिही आणि त्याच्या हातात दे. पत्त्याखेरीज एक ओळही लिहू नकोस.

तुझाच,
धाकटा