एडिथबाईची माती

माय,

पाया पडतो, माय. मी बरी आहो, जेवण पोटभर होते.

हे इंग्लंडातलं गाव तुले आवडलं असतं. दगडी घरं, हिरवी कुरणं अन् मधात आठशे वर्षांचं चर्च. इथी सारंच चूप चूप राह्यते.

ज्या म्हातारीची मी सेवा करत होती, त्या एडिथबाई सोमवारी गेल्या. काल चर्चच्या आवारातच त्यांची माती झाली. पोरगा दूरदेशी, आला नाई. पाद्रीनं विचारलं, "घरचं कोणी आहे का?" मंग मीच पुढे होऊन मूठभर माती टाकली.

तवापासून तुझाच विचार येते. खोकला कसा आहे, खरं सांगजो. भाऊ प्रफुलसंग दवाखान्यात जाजो. तातडीनं निघाली तरी मले चामोर्शीले पोचाले दोन दिवस लागतात, माय.

तुझीच,
दिव्यानी