व्हाळावरचा उंच साकव

तोंडवली,
२० ऑगस्ट १९८६

प्रिय गुरू,

तुझं पत्र वाचलं आणि आधी रागच आला. रेल्वेच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं, त्यातले आकडे तुला दिसले नाहीत, म्हणून पहिल्या वर्गात पास झालेला माझा भाऊ इंजिनीयरच नाही? आणि धरणाच्या कामावरून बोलावणं आलंय, तेही नाकारून देवगडला आपल्या अप्पांच्या आंब्याच्या कलमांत राहणार म्हणतोस! शहाणाच आहेस.

लाल-हिरव्यातला फरक तुला कळत नाही, हे आमच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं रे. आईने रातांबे काढायला पाठवलं होतं, आठवतं? पिकलेले लालभडक झाडावर ठेवून तू टोपलीभर हिरवे घेऊन आलास. त्यांची आमसुलं काय डोंबलाची होणार! आईने आळशी म्हणून झोडपलं, मी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी एकेक रातांबा अंगठ्याने दाबून बघत तू संध्याकाळपर्यंत झाडावर होतास, आणि एकही कच्चा आणला नाहीस.

सिग्नल बघून गाडी हाकायची नोकरी तुला देऊ नये, हे माझ्यासारख्या सातवी शिकलेलीलाही पटतं. तिथे माणसांच्या जिवाशी खेळ. पण पुलाला, बांधाला कसला आलाय लाल न् हिरवा? तिथे ओझं कुठे पडतं ते दिसावं लागतं, आणि ते तुला दिसतं. नकाशातला रंग नाही कळला तर शेजारच्याला विचार. त्यात लाज कसली?

आता आमच्या साकवाचं ऐक. पाऊस सरला की इथले लोक व्हाळावर पोफळीचे सोट टाकून साकव बांधतात आणि पुढच्या पावसात तो वाहून जातो, हे ठरलेलंच. मे महिन्यात तू आलास, जांभ्याचे चिरे रचलेस, तिरके टेकू दिलेस आणि साकव पुरुषभर उंच केलास. आमच्या वाडीतले भिकाजीकाका तेव्हा म्हणाले होते, "ह्येच्यावरसून माकडां जातली काय रे?"

गेल्या आठवड्यात व्हाळाला असं पाणी आलं की बाप रे! वरच्या अंगाचा जुना फणस मुळासकट वाहत आला. आम्ही सगळे काठावर उभे. फणस साकवाखालून सरळ निघून गेला, साकव हलला नाही. भिकाजीकाकांनी देवाला ठेवतात तसा साकवापुढे नारळ ठेवला. मला म्हणाले, "तुझ्या भावाच्या हातात देव आसा गो."

एवढ्या पाण्यात आम्ही काठावर का उभे होतो, ते लिहायचं मुद्दाम मागे ठेवलं. माहेरी यायच्या आधीच, आठव्यातच, मला कळा सुरू झाल्या. सुईणीने हात टेकले. मालवणला न्यायला दुसरी वाट नव्हती. खुर्चीला वासे बांधून चौघांनी मला तुझ्या साकवावरून पलीकडे नेलं. खाली पाणी गरजत होतं, कानठळ्या बसत होत्या, आणि मी कळा विसरून बघतच राहिले. माझ्या भावाने हे केलं! मुलगा झालाय, गुरू. दोघंही सुखरूप आहोत. डॉक्टरीणबाईंना तुझ्या डोळ्यांचं सांगितलं, तर म्हणाल्या, हे आईकडून मुलाकडे येतं, यालाही असू शकेल. असेना का. पण उद्या त्याने विचारलं, मला इंजिनीयर होता येईल का, तर मी तुझ्याकडे बोट दाखवणार आहे. तेव्हा तू धरणावर सापडायला हवास.

तुझीच,
यशोदाताई