एका घरात दोन रमा

प्रिय रमा,

पाकिटावर मी हेच नाव टाकलं. तुझ्या सासूबाईच्या हातात पडलं तर पडू दे, त्यांचंही नाव रमाच आहे. वाचू दे त्यांनाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर वाकडं आहे, पण लिहून राहिली सरळच.

मागच्या इतवारी मुगाच्या वड्यांचा डबा मांडीवर धरून मी गुढियारीहून तुझ्या सासरी तात्यापाऱ्यात आली. आतून सासूबाईनं हाक मारली, ज्ञानदा, पाणी आण. मले वाटलं, घरात कामाले नवी बाई ठेवली. अन् पाणी घेऊन तू आली. एका हाकेत! माझ्या घरी पाच हाकांशिवाय कधी उठली नाहीस.

मग समजलं. विहारात लग्न लागलं तेव्हा नावाचं कोणी बोललं नाही, अन् घरी नेऊन ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं. सासू अन् सून एका नावाची चालत नाही म्हणे. आठ महिने झाले. दर इतवारी फोनवर माझी शुगर विचारते, अन् हे सांगितलं नाहीस? मी भांडायले उठलीच होती, तर जावई भार्गवराव म्हणाले, हे नाव तिनंच निवडलं. अन् तू खाली पाहून म्हणते, मम्मी, एडजस्ट करना पड़ता है. अवघड बोलायचं असलं की तू हिंदीत शिरते.

नऊ वर्षांची होती तेव्हापासून रमाईच्या जयंतीले स्टुलावर उभी राहून तू तीन रमाबाईंचं भाषण करत आली. बाबासाहेब विलायतेत असताना गोवऱ्या थापून घर चालवणारी आपली रमाई, विधवांले आसरा देणारी पंडिता रमाबाई, अन् लग्नानंतर शिकून बायांले शिकवणाऱ्या रानड्यांच्या रमाबाई. चौथी पेशव्यांची, ती सती गेली. तिले मीच काढून टाकलं, म्हटलं पोट्टीच्या तोंडी जळायची गोष्ट नको. पोळ्या लाटता लाटता तुझं पाठांतर ऐकून मलेच सारं पाठ झालं.

अन् परवा फोनवर मलेच सुनावते? रानड्यांच्या रमाबाईचं माहेरचं नाव यमुना होतं, लग्नात बदललं, तरी मोठ्या झाल्याच ना! अगं, ती अकरा वर्षांची पोर होती. तिले विचारतो कोण? तू सत्तावीसची, बँकेत खुर्चीवर बसणारी. तुले विचारलं, अन् तू हव म्हटलं.

इतिहासात इतक्या रमाबाई मावल्या, तुमच्या चार खोल्यांत दोन मावल्या नाहीत? मोठी रमा, लहान रमा म्हणायचं होतं. आपल्या गल्लीत तीन विकी आहेत, कोणाचं जेवण चुकलं?

आता काहून लिहिलं ते सांगते. सात फेब्रुवारीच्या जयंतीची पत्रिका छापायले जाऊन राहिली. मंडळाच्या भावनाताईनं विचारलं, भाषण नेहमीसारखं पोरीचंच ना, नाव काय टाकू? माझ्या तोंडून तुझं एकही नाव निघेना. मग माझंच सांगितलं. यंदा भाषण मी करणार. तुझे बाबा म्हणतात, पोरीले येऊ नको असं लिहू नको. नाही लिहीत. येजो. खाली सतरंजीवर बायांमधी बसजो. अन् बाजूच्या बाईनं नाव विचारलं, तर तूच सांगजो. मी सांगणार नाही.

तुझीच,
रमाची आई