गेल्या वर्षीचे पेपर

बडा गणपती, इंदूर
१९ जून १९५५

प्रिय अक्का,

तुला आणि भाऊजींना माझा नमस्कार. बेबीला गोड पापा. तुझं पत्र परवा पोचलं. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तरी काल दोन पायली कैऱ्या एकटीने फोडल्या, मला हात लावू दिला नाही. उकाडा मात्र संपत नाही.

मी सेकंड क्लासमध्ये पास झालो हे तुला तारेने कळलंच. तू लिहिलंस, "गजू, अण्णांच्या आजारपणात तुझं एक वर्ष गेलं, त्या सेवेचं फळ देवाने दिलं." आईने ते मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना मी ते वाक्य अर्ध्यातच सोडून कागद मिटला. म्हणून हे पत्र.

अक्का, गेल्या वर्षी मी नापास झालो नव्हतो. मी परीक्षेला बसलोच नव्हतो.

हे वाक्य लिहायला मला सकाळ लागली. आता पुढचं लिहितो.

दरबार गेला, मध्यभारत आला आणि अण्णांची कचेरी ग्वाल्हेरला गेली, ते तुला माहीतच आहे. ते जुलैत तिकडे गेले तेव्हा माझं मॅट्रिकचं वर्ष सुरू झालं होतं. मी टाइमटेबल केलं. लाल शाईने, पट्टीने रेघा मारून. सोमवारपासून सुरुवात करायची होती. सोमवारी वाटलं, पहिल्या तारखेपासून बरं. पहिल्या तारखेला नवं टाइमटेबल केलं. अशी पाच-सहा झाली असतील. पुस्तक उघडायचो, आणि आत जे मागे राहिलं होतं ते सगळं एकदम अंगावर यायचं. मग पुस्तक मिटायचो. आळस म्हण, पण आळसात सुख असतं. मला एक दिवसही सुख नव्हतं. अण्णांचं दर आठवड्याला पत्र यायचं, "बीजगणित कुठवर आलं?" मी लिहायचो, "पुरं होत आलं."

जानेवारीत ते छातीचं दुखणं घेऊन परतले आणि अंथरुणाला खिळले. मी त्यांच्या उशाशी बसायला लागलो. औषध, पाणी, पाय चेपणं, सगळं मी. शेजारच्या नानासाहेबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, "मुलगा असावा तर असा." अक्का, मला अण्णांची माया होती, ती खोटी नव्हती. पण त्यांच्या उशाशी बसलं की पुस्तकाकडे जावं लागत नव्हतं, हेही तितकंच खरं.

पहिल्या पेपरला मी गेलो होतो. फाटकापर्यंत. घंटी झाली, मुलं आत गेली, आणि माझे पाय उचललेच नाहीत. माझ्या वर्गातला चिंतामण आतून हात करत होता. मी वळलो आणि चालत थेट खजरान्याच्या गणपतीला गेलो. देवळामागे चिंचेखाली बसून राहिलो. दुपारी चिंतामण मला शोधत आला. म्हणाला, "भिया, एक पेपर गया तो क्या, कल तो आ जा." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशीही खजरान्याला गेलो. मग रोजच.

घरी आलो की अण्णा विचारायचे, "दाखव बघू, काय आलं होतं?" चिंतामणकडून घेतलेला पेपर मी त्यांच्या हातात द्यायचो. "पहिल्याचं काय लिहिलंस?" मी जमेल तसं सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. दम लागला की थांबायचे, पण सगळे प्रश्न पुरे करायचे. शेवटच्या पेपरानंतर महिन्याच्या आत ते गेले. जूनमध्ये निकालात माझा नंबर नव्हता. न बसलेल्याचा नंबर येणार कुठून? लोक म्हणाले, बिचारा, बापाचं करण्यात वर्ष गेलं. मी ते ऐकून घेतलं. तूही तेच लिहिलंस, आणि मी तुलाही काही कळवलं नाही.

श्रावणात आईने अण्णांची ट्रंक आवरायला काढली. तळाशी ते सगळे पेपर होते, नीट घडी घालून. प्रत्येक प्रश्नापुढे अण्णांनी पेन्सिलीने मार्क दिले होते. माझ्या तोंडी उत्तरांचे. इतिहासात बरे होते. गणितात एका ठिकाणी लिहिलं होतं, "रीत बरोबर, घाई केली." मी तिथेच खाली बसलो आणि आईला सगळं सांगून टाकलं.

आई पेपर हातात धरून होती. रडली नाही. म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"कसं?"

"तू लिहून आलास की बोटांना शाई असते, गजू. लहानपणापासून. त्या दिवसांत तुझी बोटं धुतल्यासारखी असायची."

"अण्णांना माहीत होतं?"

"एकदा मला म्हणाले, पोराची बोटं बघितलीस का? मी म्हटलं, हात धुऊन आला असेल. दुसऱ्या दिवशी तू आलास तेव्हा पेपर मागितलाच की त्यांनी."

मग आईने दौत माझ्यापुढे ठेवली. "आत्ता एक प्रश्न लिही. एकच. मी तांदूळ निवडतेय तोवर."

परीक्षेपर्यंत तेच केलं. ती निवडायला बसली की मी एक प्रश्न लिहायचा. टाइमटेबल नाही, काही नाही. कधी चार-चार दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. ती ओरडायची नाही, ताट घेऊन शेजारी बसायची. डिसेंबरात एके दिवशी तांदूळ संपले तरी मी लिहीत होतो, तेव्हा ती उगाच उठून डाळ घेऊन आली.

यंदा फाटकापाशी पाय पुन्हा अडले. चिंतामण सायकल घेऊन माझ्याबरोबर आला होता. आता तो कॉलेजात आहे. म्हणाला, "तू आत जा भिया, तू बाहेर येईपर्यंत मी इथून हलत नाही." तीन तास उन्हात उभा राहिला तो.

पास झालो. पेढे आणले, अण्णांच्या फोटोपुढे ठेवले आणि खोलीत थांबवेना.

एक विचारायचं आहे, त्याचसाठी एवढं लिहिलं. अण्णांनी शेवटच्या पंधरवड्यात तुला दोन कार्डं लिहिली होती. हात थरथरत होता, तरी मला लिहू दिली नाहीत. तुझं बाळंतपण नुकतंच झालं होतं, तुला येता आलं नाही, म्हणून स्वतःच्या हाताने लिहीत असतील असं वाटलं. ती कार्डं मीच टपालाच्या डब्यात टाकली. पालथी धरून नेली आणि न वाचता टाकली. वाचायचं धाडस झालं नाही.

अक्का, त्यांत माझ्याबद्दल काही होतं का? त्यांना कळलं होतं, आणि मी स्वतःहून सांगावं म्हणून ते रोज विचारत होते, असं असेल तर ते मला कळू दे. तुला ठाऊक असूनही तू मला जपत आली असशील, तर आता जपू नकोस. अण्णांचे शब्द असतील तसे उतरवून पाठव.

मी रोज दुपारी पोस्टमनची वाट बघेन.

तुझा अपराधी भाऊ,
गजानन