गळ्याशप्पथ, नुसते मोजणार

६ जाने., मंगळ.
समू आज पण डाव्या बाजूनंच जेवली. पुढचा एक दात काळा पडून हलतोय, उजवीकडच्या दाढेत खड्डा. सहा वर्षांची पोर, अन् तोंडाची ही तऱ्हा. दोष माझाच. दुकानातून येताना रोज खिशात चॉकलेट. बायको, सुजाता, लगेच म्हणाली, "चॉकलेटं तुम्ही चारली, आता दवाखान्यात बी तुम्हीच न्या." तिला शनिवारी सुट्टी नसती, म्हणजे बोलायला जागाच नाही.
वेळ घेतली. शनिवार, संध्या. ५. शाहूपुरीतच, आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. पोरीला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं? दाताचा दवाखाना तर मीच आजवर टाळत आलोय.

९ जाने., शुक्र.
सांगितलं. समू सरळ कॉटखाली गेली.
दोन वर्षं मी काय म्हणत आलोय? "भाजी संपव, न्हायतर दातवाल्या डॉक्टरकडं नेतो." आता त्याच तोंडानं सांगायचं की डॉक्टर लई चांगल्या हायत. पोरगी काय खुळी आहे का. मी पालथा पडून कॉटखाली तोंड घातलं अन् अर्धा तास समजूत काढली. गोष्ट सांगितली, रंगपेटी कबूल केली. उपयोग शून्य.
शेवटी आतून आवाज, "गळ्याशप्पथ घे."
घेतली. गळ्याची कातडी चिमटीत धरून म्हणालो, "गळ्याशप्पथ, मॅडम नुसते दात मोजणार."
लगेच बाहेर आली, केसात जळमटं घेऊन. एवढं सोपं होतं तर अर्धा तास कशाला घालवला असं वाटलं.

१० जाने., शनि.
मॅडम चांगल्या आहेत. तिला खुर्ची वरखाली करून दाखवली, छोटा आरसा हातात दिला. दात मोजले. वीस. समू पण त्यांच्याबरोबर मोजत होती, तोंड उघडं ठेवून.
मग मॅडम माझ्याकडं बघून हळू म्हणाल्या, "शांत आहे. पुढचा हलतोयच, काढून टाकू का? एक मिनिट लागेल."
मी मान हलवली. पुन्हा कोण कॉटखाली घुसणार, हा हिशेब. औषध लावलं, कापूस धरला, दात बाहेर. समू रडली नाही. माझ्याकडं बघत होती फक्त. मॅडम म्हणाल्या, शूर आहे पोरगी. कागदाच्या पुडीत दात बांधून दिला.
घरी आल्यावर तिच्यापुढं पुडी धरली.  घेतली नाही. "तूच ठेव." रागावली असणार, निघेल राग.

१२ जाने., सोम.
राग नाहीच. उलट फारच लाड चाललेत माझे. दुकानातून आलो की पाण्याचा तांब्या घेऊन हजर. पायातले बूट काढू लागते. आणि एकसारखं, "पप्पा, गळा दुखतोय का?"
नाही बाबा, म्हणालो. दवाखाना खेळत असेल असं वाटलं.
पण दाढेचं काम शनिवारी आहे म्हटल्यावर ओठ घट्ट मिटले. आज सुजातालाही ब्रश करू दिला नाही. "भ्याली असंल," सुजाता म्हणाली. भ्याली तर दवाखान्यात का नाही रडली? मॅडमना फोन केला. म्हणाल्या, घरी डॉक्टर-डॉक्टर खेळा, तिला डॉक्टर करा.
खेळलो. मी पेशंट, आ करून बसलो. तिनं दातांकडं बघितलंच नाही. बॅटरी घेऊन गळा बघत बसली, आतून, मग बाहेरून. किती वेळ ते. मला काही समजंना झालंय.

१४ जाने., बुध.
दुकानात मालकांनी तिळगूळ वाटला. एक लाडू समूला आणला. आधीच चॉकलेटांवरून एवढं झालंय आणि मी लाडू आणला, म्हणजे माझी कमालच आहे. तिनं चाटला, चावायला गेली, गालाला हात लावून खाली ठेवला. दाढ ठणकते म्हणजे. शनिवारी नाही नेली तर सुजणार, असं मॅडमनी सांगितलंय. ओढत न्यायची का? न्यायला नेऊ, पण तोंड कोण उघडणार?
जेवताना मला ठसका लागला. दिवसभर खोकी उपसलेली, धूळ गेली असेल. समू ताटावरून उठून हमसून रडायला लागली. "पाणी पी, पप्पा, पाणी पी." थांबेचना.
सुजाता माझ्याकडं बघून म्हणाली, "काय केलाय तुम्ही पोरीला?" मला माहीत असतं तर...

१५ जाने., गुरु.
कळलं एकदाचं. सुजातानं वेणी घालताना काढून घेतलं.
समूच्या बाकावरच्या मैत्रिणीनं तिला मागंच सांगितलंय. खोटी गळ्याशप्पथ घेतली की माणूस आठ दिवसांत मरतंय. आधी गळा दुखतोय, मग खोकला, मग मरतंय. समू दिवस मोजत होती. आणि दवाखान्याला नाही कशाला? तर नेताना मी परत शप्पथ घेणार, परत खोटी निघणार. "एका दातात आठ दिवस, दाढंला किती?" असं आईला विचारलं तिनं.
दाताची भीतीच नाही तिला. आहे ती मी मरायची.
बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. पोर सहा दिवस एकटी हे मनात घेऊन फिरत होती, आणि मी रंगपेटी आणतोय.

१५ जाने., पुन्हा.
झोपली. आता सांगायचं काय, हे ठरंना.
दर रविवारी बुद्धविहारात पोरांना गोळा करून मीच सांगतो, शप्पथ, शकुन, नजर, असलं काही नसतं, डोकं वापरा. समू पुढच्या सतरंजीवर बसलेली असते. मग तिला म्हणू का, शप्पथबिप्पथ काय नसती, पप्पा मरत न्हाय? लगेच विचारेल, मग घेतलीस कशाला? शप्पथ खरी म्हणावं तर मी मरणार. खोटी म्हणावं तर मी तिला जाणूनबुजून फसवलं. सुजाता म्हणते, "फसवलं हेच खरं हाय की. तेच सांगा." सोपं आहे बोलायला.

१६ जाने., शुक्र.
सांगितलं. कॉटवर बसवून.
"समू, शप्पथेनं कोण मरत न्हाय. मी तुला फसवलं. मोजणार म्हणालो आणि मान हलवली. चुकलो मी."
"म्हाईत हाय. मी बघितलं की."
पाहिलं होतं. मान हलताना तिनं पाहिलं होतं, हातातल्या त्या आरशात.
"मग उद्या काय करणार?"
"दाढेतली कीड काढणार. मशीन घर्र वाजतंय. मग पांढरं सिमेंट भरणार."
"दुखणार?"
"मॅडम म्हणतात न्हाय. मला म्हाईत न्हाय."
"तुला म्हाईत न्हाय?"
"न्हाय."
हे तिला सगळ्यात जास्त पटलेलं दिसलं.  माझा हात सवयीनं गळ्याकडं गेला असणार, कारण तिनं तो पटकन धरला आणि खाली दाबून ठेवला. "घेऊ नको," म्हणाली. 
मग मीच म्हणालो, आता शप्पथ सुटली म्हण की. आम्ही लहानपणी म्हणायचो तसं. मरत नाही म्हणून आत्ताच सांगितलं, आणि सोडवून पण मागतोय. माझं मलाच कळत नाही.
समू म्हणाली, "आत्ता न्हाय. उद्या मॅडम काय करत्यात ते बघून म्हणतो."

१७ जाने., शनि., दुपारी
आज आठवा दिवस. सकाळी समूनं दाताची पुडी मागून घेतली आणि कंपासपेटीत ठेवली. दवाखान्यात येणार का, तर हो पण नाही अन् नाही पण नाही. मॅडमना फोन करून सांगितलंय, आज काही विचारायचं झालं तर मला नको, तिला विचारा. ती नको म्हणाली तर? तसंच परत यायचं का? दाढ तर ठणकतेय.
मघाशी खोकी उतरवताना ठसका लागला. विहारात एवढं सांगणारा मी, गळ्याला हात लावून बसलो. पाचला निघायचंय.