न आलेल्यांची बाटली

‘चित्र सुंदर आलंय, रुझित्सा!’ नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशन थिएटरच्या दारात आमचे विभागप्रमुख डॉ. तिहोमीर गावरिच मला हे म्हणाले. चित्र म्हणजे माझ्या वडिलांच्या कमरेचा ऑपरेशननंतरचा एक्स-रे. स्क्रू सरळ, मणके एका रेषेत. वडील त्यानंतर कधीच चालले नाहीत, चाकाच्या खुर्चीतच वारले. या मृत्युपत्राची बहुतेक कलमं त्या एका वाक्यातून निघाली आहेत, म्हणून ते आधी नोंदवते.

मी, डॉ. रुझित्सा व्लाइच, वय शेहेचाळीस, मेंदू व मणक्याची सर्जन, राहणार गोर्न्या लुका, हे स्वहस्ताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्या मेंदूत पुढच्या बाजूला गाठ आहे. पुढच्या आठवड्यात ती बेलग्रेडला काढतील. गाठीमुळे बाईचं डोकं फिरलं असं कोणी म्हणू नये, यासाठी मनोविकारतज्ज्ञांचा दाखला जोडला आहे. राग गाठीच्या आधीचा आहे.

एक. नदीकडचं घर, अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडांसह, माझी भाची कोसारा हिला. कोसारा, बाळा, मधल्या खोलीचा उंबरठा मी आजोबांच्या चाकाच्या खुर्चीसाठी कापून घेतला होता. तो तसाच राहू दे.

दोन. वडील ओब्रेन व्लाइच यांची घड्याळदुरुस्तीची अवजारंही तिलाच. ऑपरेशनआधीच्या हिवाळ्यात त्यांच्या हातून चिमटा सुटू लागला होता. ‘पोरी, पाय जड झालेत ते एक वेळ चालेल, पण ही बोटं माझं ऐकेनाशी झालीत,’ असं ते म्हणाले. पाय आणि बोटं दोन्ही बिघडली, तर दोष आधी मानेत शोधायचा. मी बैठकीत तेच सांगितलं. गावरिच सर म्हणाले, ‘कोण बोलतंय, डॉक्टर की बाबांची लाडकी? कमरेत नस चेपलेली ढळढळीत दिसतेय, आणि ही निघाली मानेला! या वयात बोटं थरथरायचीच की.’ सगळे हसले. नात्यातली म्हणून मला ऑपरेशनच्या बाहेर ठेवलं. मानेचा एमआरआय झाला नाही. भूल देऊन पालथं झोपवलं तेव्हा मान मागे वाकली आणि मानेतला आधीच चेपलेला मज्जारज्जू पुरता गेला. कमरेचं चित्र मात्र सुंदर आलं.

तीन. बँकेतली शिल्लक आमच्या विभागाला, दोन अटींवर. ऑपरेशन ठरवण्याआधी दुसऱ्या एका सर्जनने चित्र न पाहता रुग्णाला तपासावं आणि दोष कुठे आहे ते सांगावं. दोघांचं उत्तर जुळलं नाही, तर थांबावं. आणि वर्षभराने परिचारिकेने प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारावं: कॉफीचा कप धरता येतो का, बटण लावता येतं का, एकट्याने संडासला जाता येतं का. अटी मान्य नसतील तर पैसे गावच्या अग्निशमन दलाच्या बँडला द्यावेत. सूर चुकला की निदान ते थांबतात.

चार. आमच्याकडे बरा झालेला रुग्ण घरी गाळलेली रकिया, म्हणजे आलुबुखाराची दारू, घेऊन सर्जनला भेटायला येतो. गावरिच सरांचं काचेचं कपाट अशा बाटल्यांनी भरलं आहे. ऑपरेशनांचे निकाल विचारले की ते कपाटाकडे बोट करतात, ‘मोजा की! आणखी कसला पुरावा हवाय?’ सर, जो अंथरुणातून उठत नाही तो बाटली घेऊन तुमचा जिना कसा चढेल? आणि मेलेला? वडिलांनी आमच्या झाडांची एक बाटली तुमच्यासाठी ऑपरेशनआधीच बाजूला काढली होती. ती मी मोरीत ओतली. रिकामी बाटली जपून ठेवली आहे. ती तुम्हाला.

सहीआधी हे वाचून साक्षीदार स्लाव्काताई म्हणाल्या, ‘अगं, मृत्युपत्रात एवढा राग चालतो का?’ मी म्हटलं, ‘घर चालतं, मग हा का नाही? हाही मीच कमावलाय.’

सही: रुझित्सा व्लाइच
साक्षीदार: स्लाव्का येरेमिच, निवृत्त परिचारिका; नेबोय्शा त्सोकिच, शेजारी
स्थळ: गोर्न्या लुका. दिनांक: १४ ऑक्टोबर २०२१

ता. क. सर, त्या बाटलीवर मी बाबांचं नाव चिकटवलं आहे. ती कपाटात पुढच्या रांगेत ठेवा, रिकामीच, आणि कोणी निकाल विचारला की तीही मोजा. तुम्ही नाही म्हणाल, हे मला ठाऊक आहे. तरी ठेवा.